हिशेब फक्त धबधब्याचाच का?



उन्हाळ्यातल्या सहलींच्या पत्रिका आता घरोघरी फिरू लागल्या आहेत. काश्मीर झालं, दुबई-सिंगापूर झालं, युरोप झालं. आता आपल्या समाजात अलास्काच्या क्रूझचं वारं आहे. पत्रिकेवर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, "शुद्ध जैन भोजन, कंदमूळ वर्ज्य, सूर्यास्तापूर्वी जेवण." (जून महिन्यात तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे हे वचन पाळायला कोणाला फारसे कष्ट पडत नाहीत, ही गोष्ट वेगळी.) आणि मागच्या पानावर, जुनो बंदराच्या दिवसासमोर, बारीक अक्षरांत एक ओळ असते, "ऐच्छिक सहल, स्वखर्चाने."

आजचा लेख त्या बारीक ओळीबद्दल आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. तुम्ही त्या क्रूझवर जाणारच असाल, तर जुनोला उतरा आणि नगेट धबधब्यापर्यंत चालत जाऊन या. आणि धर्माचं नाव घेऊन कोणी तुम्हाला जहाजावरच बसवू लागलं, तर त्यांच्याकडे आधी पूर्ण सहलीचा हिशेब मागा.

हे लिहिण्याचं कारण असं. गेल्या जूनमध्ये आमच्या गटात बावीस जण होते, त्यात तेरा बायका. धबधब्यापर्यंत गेल्या चारच. बाकीच्या नऊ जणींपैकी दोघींचे गुडघे खरोखरच दुखत होते. उरलेल्या सात जणी चांगल्या धडधाकट होत्या, जायची इच्छाही होती. पण आदल्या रात्री गटातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी जेवणाच्या टेबलावर छोटं प्रवचनच दिलं. धबधबा म्हणजे अप्कायिक जीवांची रास, ती मौज म्हणून पाहायला जाणं म्हणजे अनर्थदंड, श्राविकांनी जहाजावर बसून स्वाध्याय करावा. सात जणींनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी स्वाध्याय किती झाला ते विचारू नका, तंबोला मात्र दोन डाव झाला. आणि ते गृहस्थ स्वतः? ते हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरून आले. शेकडो डॉलर मोजून.

नाव कोणाचंच घेत नाही, कारण प्रश्न एका माणसाचा नाही. हे प्रवचन मी वेगवेगळ्या तोंडून, वेगवेगळ्या गावी ऐकलं आहे. म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

पहिला मुद्दा: "ही प्रमादचर्या आहे"

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून सर्वांत आधी घेतला. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दिग्व्रत, देशव्रत आणि अनर्थदंडव्रत ओळीने सांगितली आहेत. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले, त्यातला एक प्रमादचर्या. कारण नसताना जमीन उकरणं, पाणी उडवणं, आग पेटवणं, वारा घालणं, झाडं-पानं तोडणं, आणि कारण नसताना स्वतः भटकणं व दुसऱ्याला भटकवणं, हे सगळं त्यात येतं. म्हणजे शास्त्राचा आधार त्या गृहस्थांच्या बाजूने आहे असं वाटेल.

पण मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. लग्नानंतर नोकरी केली नाही, तरी चाळीस वर्षं घरचे आणि दहा वर्षं आमच्या महिला मंडळाचे जमाखर्च मी लिहिले आहेत. हिशेब तपासायचा तर पहिल्या नोंदीपासून तपासतात, शेवटच्या चहा-पाण्याच्या चिठ्ठीपासून नाही.

मग लावू या हिशेब. भारतातून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंतचं विमान ही पहिली नोंद. हजारो माणसांचं जहाज सात दिवस समुद्रात चालवणारं इंधन ही दुसरी. जहाजाची यंत्रं फक्त जहाज पुढे ढकलत नाहीत, खोल्या गरम ठेवणं, दिवे, स्वयंपाकघरं, पोहण्याचे तलाव, सगळ्याला लागणारी वीज त्यातूनच येते. तिसरी नोंद जेवणघराची. आपलं ताट शुद्ध असतं, पण ते तयार होतं त्या जहाजावर शेजारी काय शिजतं हे सगळ्यांना माहीत आहे, आणि भाड्याच्या एकाच रकमेत दोन्ही भागतं. चौथी नोंद खरेदीची. जुनोच्या धक्क्याजवळचे रस्ते जडजवाहिराच्या दुकानांनी भरलेले आहेत.

या सगळ्यानंतर, यादीच्या अगदी तळाशी, नोंद येते तीन किलोमीटर पायी चालण्याची.

प्रमादचर्येचा नियम लावायचा असेल तर जरूर लावा. पण मग तो तिकीट काढण्याच्या दिवशी लावा. जी बहीण म्हणेल की चैनीसाठी एवढा आरंभ मला नको, मी घरी राहते, तिला माझा मनापासून नमस्कार. तिच्याशी माझा वाद नाहीच, तिचा हिशेब माझ्यापेक्षा चोख आहे. वाद आहे तो लाखो रुपयांच्या खर्चावर डोळे मिटून सही करणाऱ्या आणि किरकोळ खर्चाच्या चिठ्ठीवर शास्त्र काढणाऱ्या माणसांशी. व्रत बुकिंगच्या वेळी आठवत नाही, विमानतळावर आठवत नाही, नेमकं बायकांनी जहाजाच्या शिडीवर पाय ठेवला की आठवतं. याला मी व्रत म्हणणार नाही.

दुसरा मुद्दा: "पाण्यातले जीव"

अप्कायिक जीव आहेतच. त्यात शंका घेणारी मी नाही. गाळल्याशिवाय पाणी न वापरण्याच्या आणि गाळणीतली जिवाणी परत जिथल्या तिथे सोडण्याच्या संस्कारात मी वाढले. पण विराधना होते ती स्पर्शाने, वापराने, ढवळण्याने. लांब उभं राहून पाहण्याने पाण्याच्या थेंबाला काय होतं? धबधबा आपल्यासाठी कोणी सुरू केलेला नाही, आपण गेलो नाही तरी तो थांबणार नाही.

उलट विचारते, जहाजावरच्या गरम पाण्याच्या कुंडात तासभर बसणं कोणाला खटकलं नव्हतं. त्या पाण्यात जीव नव्हते का? ते पाणी तर आपल्याच चैनीसाठी उपसलेलं आणि तापवलेलं.

आणि पाण्याची एवढी काळजी असेल तर जुनोतच एक गोष्ट कळून घ्यायला हवी. धबधब्याशेजारची मेंडेनहॉल हिमनदी मागे मागे सरकते आहे. जिथे आज नगेट धबधबा तळ्याकाठच्या वाळूपाशी कोसळतो, तिथे पूर्वी तो थेट बर्फावर पडायचा, इतकी हिमनदी पुढे होती. 1962 मध्ये तिथलं माहिती केंद्र बांधलं तेव्हा समोर दिसणारा बर्फ आता पार आत गेला आहे. हिमनदीच्या बाजूच्या एका खोलगट जागेत वितळलेलं पाणी साठतं आणि बर्फाखालून वाट काढून एकदम सुटतं. 2011 पासून हे होत आलं आहे, आणि 2023 व 2024 च्या ऑगस्टमध्ये त्या पुराने जुनोतल्या लोकांची घरं उद्ध्वस्त झाली, पाण्याखाली गेली. हवा तापते ती इंधनाच्या धुराने. म्हणजे अप्कायिक जीवांची खरी हिंसा कशाने होते? काठावर उभ्या राहिलेल्या श्राविकेने, की पर्वत दाखवायला घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरने?

हे सगळं मला जहाजावर बसून कळलं नसतं. तिथे जाऊन, बर्फ कुठपर्यंत होता आणि आता कुठे आहे हे डोळ्यांनी पाहून कळलं. आता वर्षातून एकच मोठा प्रवास करायचा असा परिग्रह-परिमाणासारखा नियम आम्ही नवरा-बायकोने घेतला आहे. तंबोला खेळून असा नियम सुचत नाही.

तिसरा मुद्दा: "आपल्याकडे धबधबे कमी आहेत का?"

हे ऐकलं की मला खरंच राग येतो. आंबोली आहे, गिरसप्पा आहे, गोकाक आहे. पण ते भरून कोसळतात कधी? पावसाळ्यात. म्हणजे चातुर्मासात. तेव्हा वाटावाटांवर जीवजंतू असतात म्हणून व्रत पाळणाऱ्या घरातल्या बायका विनाकारण बाहेर पडत नाहीत. ते बरोबरच आहे. आणि उन्हाळ्यात, जेव्हा आपण बाहेर पडतो, तेव्हा त्याच जागी काळा कातळ आणि बारीक धार दिसते. त्यामुळे साठी ओलांडलेल्या कित्येक श्राविका अशा आहेत की ज्यांनी भर पाण्याचा धबधबा आयुष्यात एकदाही जवळून पाहिलेला नाही. त्यांच्या घरची तरुण मुलं मात्र दर जुलैत आंबोलीला जाऊन चिंब भिजून येतात, आणि त्यांना कोणी अप्काय आठवून देत नाही.

अलास्कातला धबधबा हिमनदीच्या पाण्यावर चालतो. तो उन्हाळ्यात, आपला चातुर्मास बसण्याआधीच, भरून वाहतो. नेम न मोडता भर पाण्याचा धबधबा पाहण्याची संधी आपल्यासारखीला दुसरीकडे फारशी मिळत नाही. ती संधी समोर असताना तिला व्रताचंच कारण सांगून थांबवायचं, याला काय म्हणावं?

चौथा मुद्दा: "बायकांना झेपणार नाही, जहाज सुटलं तर?"

सम्मेद शिखरजीची वंदना सत्तावीस किलोमीटरची. चढून, फिरून, उतरून. आपल्यातल्या कितीतरी जणींनी ती अनवाणी आणि उपवासाने केली आहे. तेव्हा कोणाला गुडघ्यांची काळजी नव्हती. आणि इथे सपाट खडीची वाट, माहिती केंद्रापासून जाऊन-येऊन तीन किलोमीटरच्या आसपास, तर म्हणे झेपणार नाही!

वेळेचा हिशेब असा. जहाजाच्या धक्क्यापासून हिमनदीचं माहिती केंद्र सुमारे वीस किलोमीटर. खासगी बसने अर्धा-पाऊण तास. तिथून धबधबा आमच्या चालीने पाऊण तास. काठावर अर्धा तास. तेवढाच वेळ परत. चार तासांत आम्ही जहाजावर होतो आणि जहाज सुटायला अजून पाच तास होते. जहाजाने दिलेली परतीची वेळ ही सुटण्याच्या वेळेच्या आधीची असते, आणि स्वतंत्र गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही, हे खरं आहे. म्हणून हाताशी दोन तास जास्त ठेवायचे. एवढं गणित आपल्याला जमतं. ज्या बाईने घरातल्या लग्नाची चारशे पानं वेळेवर उठवली, तिला जहाजाची वेळ पाळता येणार नाही, असं म्हणणाऱ्याने आधी स्वतः एक पंगत वाढून दाखवावी.

एक लक्षात ठेवा. हिमनदीच्या परिसरात व्यावसायिक गाड्यांतून किती लोक यायचे यावर तिथल्या वनखात्याची मर्यादा आहे, त्यामुळे बसची तिकिटं आधी काढून ठेवलेली बरी. शहराची साधी बसही आहे, खूप स्वस्त, पण ती थोडं अलीकडे सोडते आणि तिथून अडीच किलोमीटरच्या आसपास चालावं लागतं. तिथे वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस पाऊस असतो, तेव्हा चांगला रेनकोट हवाच. छत्री वाऱ्यात टिकत नाही.

जाताना देशव्रत घ्या

आता माझा मुख्य मुद्दा. ही छोटी सहल व्रताच्या आड येत नाही, उलट व्रताला धरून करता येते. देशव्रत म्हणजे काय? ठरावीक काळापुरती आपल्या जाण्या-येण्याची हद्द बांधून घेणं. आम्ही चौघींनी सकाळी खोलीत णमोकार म्हणून हद्द बांधली. जहाजापासून धबधब्यापर्यंत, धबधब्यापासून जहाजापर्यंत, आज याच्या पलीकडे जाणार नाही. दुकानं नाहीत, केबलवर चालणारी गाडी नाही, हेलिकॉप्टर नाही. बावीस जणांत त्या दिवशी सर्वांत कमी पैसे खर्च केलेले कोण असतील, तर आम्ही चौघी. जहाजावर बसलेल्या बायकांनासुद्धा दुपारी "जरा पाय मोकळे करू" म्हणून दुकानांत नेलं होतं, आणि पिशव्या भरून आणलं होतं.

हद्दीच्या आत चालण्याचेही नेम होते, ते सांगते. तुम्हाला उपयोगी पडतील.

वाट सोडायची नाही. तळ्याकाठच्या वाळू-खडीत आर्क्टिक सुरय नावाचा पक्षी उघड्यावरच अंडी घालतो. अंटार्क्टिकाच्या बाजूहून दरवर्षी एवढ्या लांब येणारा हा पक्षी, आणि त्याची अंडी अगदी गोट्यांसारखी दिसतात. चुकून पाय पडला तर पंचेंद्रिय जीवाची हत्या. म्हणून त्या हंगामात तिथला काही भाग बंद ठेवतात. फोटोसाठी दोरी ओलांडणाऱ्यांत आपली कोणी नसावी. ईर्यासमिती साधूंची म्हणून आपण लांबून नमस्कार करतो, त्या वाटेवर ती प्रत्येक पावलाला आठवते.

पाण्याला हात लावायचा नाही, दगड भिरकवायचा नाही, बाटली भरायची नाही. आपलं गाळून उकळलेलं पाणी आपल्याजवळ असावं.

खाण्याचे डबे न्यायचे नाहीत. हे ऐकून आमच्यातल्या एकीचा चेहरा उतरला होता, पण तिथे अस्वलं असतात आणि अन्नाच्या वासाने ती माणसांजवळ येतात, म्हणून पाण्याशिवाय काही बाहेर काढू देत नाहीत. माणसाच्या खाण्याची चटक लागलेल्या अस्वलाला पुढे मारावं लागतं. म्हणजे आपल्या एका खाकऱ्याने एक जीव जाऊ शकतो. पोटभर खाऊन निघा, परत येऊन खा. दिवस मोठा असतो, अंथऊ चुकत नाही.

काठावर पोचलं की मोबाईल पिशवीत ठेवा. एकशे पंधरा मीटरवरून पाणी कोसळतं, बोललेलं ऐकू येत नाही. आम्ही अर्धा तास कोणी कोणाशी बोललो नाही. अनित्य भावना आपण पाठ म्हणतो. क्षणापूर्वीचं पाणी गेलं, हे नवं आलं, तेही गेलं, हे समोर दिसत असताना पाठ म्हणावी लागत नाही.

मंडळांना एक विनंती

जुनो हे सुमारे बत्तीस हजार वस्तीचं गाव. राजधानी असूनही तिथे बाहेरून रस्ता जात नाही, बोटीने नाहीतर विमानाने यावं लागतं. 2023 मध्ये तिथे सोळा लाखांहून जास्त क्रूझ प्रवासी आले. गावाने 2024 पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं असा करार केला. त्याच वर्षी शनिवारी जहाजच नको असाही ठराव मतदानाला आला होता, तो फेटाळला गेला. म्हणजे ते लोकही आपापला हिशेब मांडत आहेत. पाहुणे हवेत, पण किती? तिथल्या धक्क्यावर 2001 मध्ये क्रूझ जहाजांना किनाऱ्यावरून वीज देण्याची सोय जगात पहिल्यांदा झाली, म्हणजे बंदरात उभं असताना जहाजाने धूर ओकायला नको. सहल काढणाऱ्या मंडळांनी एजंटला जैन जेवणाबरोबर हाही प्रश्न विचारावा, तुमचं जहाज ती वीज घेतं का? आपण बावीस-बावीस जणांचे गट नेतो. बटाट्याबद्दल विचारतो तेव्हा एजंट ऐकतो, धुराबद्दल विचारलं तर तेही ऐकेल.

आणि गटातल्या वडीलधाऱ्यांना हात जोडून सांगते. आम्हाला संयम शिकवा, जरूर शिकवा, पण तो पत्रिका हातात आल्यावर शिकवा, आणि स्वतःसकट सगळ्यांना शिकवा. "जाऊच नका" म्हणालात तर निदान ऐकून विचार करू. "आम्ही उडतो, तुम्ही बसा" म्हणालात तर यापुढे ऐकणार नाही.

मैत्रिणींनो, यंदा तुमच्यापैकी कोणी जाणार असेल तर आपल्याबरोबर जाऊ न देणारी एक तरी बहीण शोधा. तिच्या घरच्यांशी आधीच बोला, बसचं तिकीट तिचंही काढा, सकाळी दोघी मिळून देशव्रत घ्या आणि तिचा हात धरून शिडी उतरा.

जय जिनेंद्र.